चूक पोटात घालणारी काठी

आमच्या परभणीकडे 'हायब्रीड' म्हटले की ज्वारी. 1964 साली सीएसएच-1 हे संकरित वाण आले, आणि पुढे हा इंग्रजी शब्द इतका घरचा झाला की माझी आजीही तो सहज उच्चारी. अर्थात नाक मुरडून. "हायब्रीडची भाकरी ती काय भाकरी!" म्हणे, आणि खाई मात्र तीच. त्यामुळे गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी पुण्याहून आला आणि "गुरुजी, हायब्रीड घेऊ का वूड?" असे विचारू लागला, तेव्हा मी बियाण्याच्याच विचारात पडलो.

तो बोलत होता गोल्फविषयी. नोकरीपायी त्याला या खेळाचा नाद लागला आहे. चेंडू लांब धाडायला दोन जातींच्या काठ्या असतात. एक 'फेअरवे वूड'. नाव लाकडाचे, डोके हल्ली धातूचे. तीन नंबरची वूड सुमारे 43 इंच लांब. गवतावरून केरसुणी फिरवावी तशी ती साधली तर चेंडू दूर जातो; नवख्याचा हात चुकला की जमिनीलगत सरपटतो. दुसरी हायब्रीड. ती दोन-तीन इंच आखूड, डोक्याचे वजन तळाशी आणि मागे सारलेले. चेंडू गवतात रुतला असला तरी ती त्याला वर उचलते आणि थोडीबहुत चूक पोटात घालते. अंतर तेवढे कमी पडते. पिशवीत 14 हून अधिक काठ्या ठेवायच्या नाहीत, हा नियम अमेरिकेत 1938 पासून आणि ब्रिटनमध्ये 1939 पासून आहे. (असा नियम लग्नाच्या रुखवतालाही हवा होता.) पण याची अडचण नियमाची नव्हती, खिशाची होती. घ्यायची ती एकच.

"मग सोपी ती घे की," मी म्हणालो.

"सोबतचे म्हणतात, सोपी घेतलीस तर हात कधी तयार व्हायचा नाही. आणि तुम्हीच तर आम्हाला बॉलपेन धरू देत नव्हता!"

तो हसला. मला हसू आले नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी वर्गात शाईच्या पेनाचाच आग्रह धरी. निब चुकीचा हात खपवून घेत नाही, म्हणून अक्षर वळणावर येते, ही माझी श्रद्धा. पुष्कळांचे आलेही. पण एक मुलगा होता, त्याचा हात जड. निब फाके, पानभर डाग पडत, आणि मी ती वही वर्गापुढे उंच धरी. हाच मुलगा तोंडी गोष्ट सांगू लागला की वर्ग तल्लीन होऊन ऐके. दिवाळीच्या सुटीनंतर त्याने वही आणणेच सोडले. परीक्षेत अर्धा पेपर कोरा. तोंडी विचारले तर सगळे येत होते. रात्री बसून कादंबरी लिहिणाऱ्या माणसाने दिवसा एका पोराचे लिहिणे बंद पाडले होते.

अवघड हत्यार चूक दाखवते, हे मी अजूनही मानतो. पण ती पाहायला शिकणारा मैदानात उरला पाहिजे ना! आणि डाग पडला म्हणजे चूक कळतेच, असेही नाही. नुसती शिक्षा होते. हायब्रीडचा फटका चुकला तर चेंडू थोडा अलीकडे पडतो, थोडा बाजूला जातो. दिसते की तेही. मी स्वतः सायकल शिकलो ती वडिलांच्या उंच सायकलीच्या दांड्याखालून पाय घालून. आधी सीटवर बस, असे मला कोणी म्हटले नाही.

तरीही पाढे मी आजही पाठच करून घेतो, कॅल्क्युलेटर नाही. यात विसंगती आहे, असे माझी पत्नी म्हणते. असेल. पण पाढा चुकला तर पुन्हा म्हणता येतो, डागाळलेले पान तसेच राहते.

"हायब्रीडच घे," मी शेवटी म्हणालो. "वूडचे पुढल्या दिवाळीला बघू."

निघताना मी त्या मुलाची चौकशी केली. दोघे एकाच वर्गातले.

"बरा आहे, गुरुजी. फोनवर आवाजातच निरोप पाठवतो, दहा-दहा मिनिटांचे. लिहीत मात्र नाही."