स्वस्ताई मोजायची कशी?

वरवट बकाल

चि. नातीस,

तुझं पत्र मिळालं. कॉलेजच्या अंकासाठी तू व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या वऱ्हाडी घरखर्चावर लिहिते आहेस, हे वाचून समाधान वाटलं. पण ‘एका पैशात पोस्टकार्ड, काय ती स्वस्ताई!’ हे वाक्य खोडून टाक. नुसता भाव काही सांगत नाही. त्याच्या शेजारी माणसाची कमाई मांडल्याशिवाय ‘स्वस्त’ म्हणू नये.

रुपयाचे 16 आणे, आण्याचे 4 पैसे. दादाभाई नौरोजींनी हिंदी माणसाचं सरासरी वार्षिक उत्पन्न 20 रुपये काढलं होतं. 1901 साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झननं ते 30 सांगितलं. सरकारचाच मोठा आकडा धर. दिवसाला जेमतेम पाच पैसे पडतात. 1879 साली निघालेलं पोस्टकार्ड एका पैशाचं, म्हणजे दिवसाच्या कमाईचा पाचवा हिस्सा.

मिठाचं बघ. 1888 साली त्यावरचा कर मणाला अडीच रुपये झाला. मणाचे 40 शेर, म्हणजे शेरामागे बरोबर एक आणा नुसता कर. मिठाची किंमत आणि वाहतूक वेगळी. आपल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारट, तरी भाकरीसोबतचं मीठ कर भरूनच घरात यायचं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात हा प्रश्न लावून धरला. 1903 पासून कर उतरत गेला आणि 1907 साली मणाला एक रुपयावर आला.

लेखात कापूस येईलच. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना आपला कापूस हवासा झाला. 1870 साली खामगावला रेल्वे आली. हाती रोकड खेळू लागली, पण ज्वारीच्या रानात पराटी उभी राहिली. मग 1899-1900 चा छप्पनचा दुष्काळ पडला. ज्याच्या पेवात ज्वारी होती त्याला आधार होता. ज्याला ती सवाई-दिढीनं आणावी लागली, तो कर्जात रुतला. म्हणून घरात किती महिन्यांचं धान्य होतं, हे रोकडीच्या आधी लिही.

बाईच्या कामाचा रकानाही उघड. पहाटे जात्यावर दळण, मग पाणी, सरपण, शेणगोठा, आणि वर शेतातली निंदणी-वेचणी. घरातल्या या कष्टांची मजुरी कुणी दिली नाही, म्हणून ते हिशेबात आले नाहीत. पण त्यांच्यावाचून एकही घर चाललं नसतं.

विलायतेकडे बघशील तेव्हा राजवाड्यांकडे बघू नकोस. 1899 साली सीबोम रोंट्री यांनी यॉर्क शहरात मजुरांच्या घरोघर चौकशी करवली. आईबाप आणि तीन मुलं एवढ्या घराला नुसतं जगायला आठवड्याला 21 शिलिंग 8 पेन्स लागतात, असं त्यांनी मांडलं. त्यातले 12 शिलिंग 9 पेन्स फक्त अन्नाचे. साम्राज्याच्या मायदेशातल्या त्या शहरात शंभरातली जवळजवळ 28 माणसं गरिबीत निघाली. आधी गरज, मग कमाई, मग भाव, हा त्यांचा क्रम तूही ठेव.

जुने भाव शोधताना एक ध्यानात असू दे. आपला भाग तेव्हा जळगाव (जामोद) तालुक्यात होता आणि तो तालुका 1905 पर्यंत अकोला जिल्ह्यात. त्याआधीचे आकडे बुलढाण्याच्या दप्तरात शोधत बसू नकोस. कुणाच्या घरी जुनी वही निघाली, तर भाव उतरवून घे आणि शेजारी त्याच वर्षाची मजुरी लिही.

आणि पोरी, हीच रीत तुझ्या स्वतःच्या खर्चालाही लाव. महिनाअखेर प्रत्येक मोठ्या खरेदीपुढे ती किती दिवसांच्या कामाची, हे लिहीत जा. लेख छापून होईल, पण ही सवय जन्मभर सोडू नकोस.

तुझा,
आजोबा