कुजका पाया

चांगल्या हेतूने बोललेले असत्य क्षम्य ठरते काय? मुलांना आठवी आज्ञा शिकवणारे आईबापही हा प्रश्न अनेकदा टाळून पुढे जातात. १९३८ साली निघालेल्या एका गुन्हेगारी चित्रपटाने मात्र तो टाळता येणार नाही अशा रीतीने आपल्यापुढे ठेवला आहे.

अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती. चोरट्या दारूने टोळीनायकांना अमाप पैसा मिळवून दिला, वृत्तपत्रांनी प्रसिद्धी दिली आणि पडद्याने त्यांना वलय दिले. 'द पब्लिक एनिमी' (१९३१) या चित्रपटात असा गुंड रंगवून जेम्स कॅग्नी हा नट नावारूपाला आला. मायकेल कर्टिझ यांच्या 'एंजल्स विथ डर्टी फेसेस'मधील रॉकी सुलिव्हनही त्यानेच साकारला.

गरीब वस्तीतील दोन मित्र रेल्वेच्या डब्यात चोरी करायला शिरतात. पोलीस पाठीस लागतात. जेरी वेगाने पळतो व निसटतो. रॉकी सापडतो आणि सुधारगृहात जातो. पुढे जेरी त्याच वस्तीत धर्मगुरू होतो, तर रॉकी नामांकित गुंड. वस्तीतील उनाड पोरांचे दैवत मात्र फादर जेरी नसतात, रॉकी असतो. मुलांच्या केंद्रासाठी रॉकी निनावी १०,००० डॉलर पाठवतो. फादर ते परत करतात. कुजक्या पायावर इमारत उभारायची नाही, ही त्यांची भूमिका.

रॉकीला देहदंड होतो. अखेरच्या भेटीत फादर त्याच्याकडे विलक्षण मागणी करतात: मरताना भ्याडासारखा वाग, म्हणजे पोरांच्या मनातील तुझी मूर्ती भंगेल. रॉकी साफ नकार देतो. धैर्याखेरीज त्याच्यापाशी उरलेच काय? पण विजेच्या खुर्चीपुढे तो अचानक गयावया करू लागतो. आपल्याला दिसतात त्या केवळ सावल्या. ते सोंग होते की खरी भीती, हे चित्रपट सांगत नाही.

ते सोंग होते असे मानू. कृतीनेही असत्य बोलता येते, असे संत थॉमस अक्वायनस यांनी म्हटले आहे. तरीही रॉकीच्या कृतीत एक निराळेपण आहे. माणूस बहुधा स्वतःचे काही राखण्यासाठी खोटे बोलतो. याने उरलेसुरलेही देऊन टाकले, आणि तेही कुणाला कळणार नाही अशा रीतीने. त्याच्या आयुष्यातील हेच एक निःस्वार्थ दान असावे.

फादरांचे काय? वृत्तपत्रात छापून आले ते खरे का, असे पोरे विचारतात, तेव्हा ते होकार देतात. संत ऑगस्टीन यांनी असत्यावर दोन ग्रंथ लिहिले आणि सद्हेतूने बोललेले असत्यही नाकारले. उपयुक्त असत्याला एकदा दार उघडले की सांगणाऱ्याच्या कोणत्याच शब्दावर विसंबता येत नाही, हा त्यांचा युक्तिवाद येथे तंतोतंत लागू पडतो. ज्यांनी कुजक्या पायावर इमारत उभारायला नकार दिला, तेच पोरांचे भवितव्य तशाच पायावर उभारू पाहतात. उद्या एखाद्या पोराला खरे कळले, तर रॉकी दुप्पट मोठा होईल आणि फादरांचा उपदेश पोकळ ठरेल.

आणि याची गरज तरी होती काय? चित्रपटाच्या अखेरीस फादर पोरांना प्रार्थनेला बोलावतात, ते आपल्याइतके वेगाने पळू न शकलेल्या एका मुलासाठी. या वाक्यात असत्याचा लवलेश नाही. धर्मगुरू आणि गुन्हेगार यांच्यात प्रथम अंतर पडले ते गुणांमुळे नव्हे, पायांच्या वेगामुळे, ही त्यात कबुली आहे. आपण वाचलो ते आपल्या पुण्याईने नव्हे, कृपेने, हे जाणणारा माणूसच पडलेल्याला हात देऊ शकतो. पोरांना सावरण्याचे सामर्थ्य कुठे असेल, तर ते या सत्यात आहे. दुर्दैव इतकेच, की त्यांना आधी असत्य ऐकावे लागले.