न बांधलेल्या जहाजाचा आराखडा

एक मोठा कोरा कागद पुढ्यात घ्या. पेन्सिल हातात असू द्या, पण अजून टेकवू नका. आज आपण एक जहाज मनात बांधणार आहोत. त्याची मागणी कोणी नोंदवलेली नाही, त्याचे पैसे कोणी दिलेले नाहीत आणि ते पाण्यात कधीच उतरणार नाही. त्यामुळे घाई करायचं काही कारण नाही.

आधी जागा नक्की करू. इंग्लंडच्या ईशान्येला टाइन नदीच्या काठी एल्स्विक आहे. तिथे आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ कंपनीचा जहाजबांधणीचा कारखाना आहे. काळ १९०५च्या ऑक्टोबरचा. पाचच महिन्यांपूर्वी त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत जपानी आरमाराने रशियाचं आरमार धुळीला मिळवलं. त्या दिवशी जपानच्या रांगेत आठ चिलखती क्रूझर होत्या. त्यांतल्या असामा, तोकिवा, इझुमो आणि इवाते या चार याच कारखान्यातून गेलेल्या. इथल्या आराखडे काढणाऱ्या माणसाच्या मनात आज केवढा विश्वास असेल, तो जरा आपल्याही मनात उतरू द्या. आपण काढतोय ती क्रूझर त्यांचीच धाकटी बहीण.

आता एक अट. १९०५च्या ऑक्टोबरनंतर जे जे घडलं ते विसरायचं. हे अवघड आहे. शंभराहून अधिक वर्षांनी मागे पाहणाऱ्याला सगळ्यांच्या चुका दिसतात, आणि चुका दिसतात म्हणून आपण त्या माणसांहून शहाणे आहोत असं वाटायला लागतं. काल्पनिक जहाजं काढणारे पुष्कळ जण इथेच घसरतात. जहाज १९०५चं आणि अक्कल १९१६ची. असं जहाज कागदावर सगळ्यांना हरवतं, पण ते काढून हाती काही लागत नाही. त्या माणसाला जे ठाऊक नव्हतं ते आपल्यालाही ठाऊक नाही, असं धरून बसा. मनाला हे पटेपर्यंत थांबा.

मग पहिला प्रश्न विचारा. हे जहाज कशासाठी? चिलखती क्रूझरने आपल्या व्यापारी जहाजांची पाठराखण करायची, शत्रूच्या क्रूझर हुडकून मारायच्या आणि वेळ पडली तर मोठ्या युद्धनौकांच्या रांगेत उभं राहायचं. म्हणजे तिला वेग हवा, लांबचा पल्ला हवा, तोफा हव्यात आणि अंगावर चिलखतही हवं. हे सगळं एका जहाजात बसवायची आशा क्रुपच्या पोलादाने दाखवली. पृष्ठभाग कठीण केलेल्या या पोलादाची पातळ पट्टी जुन्या कितीतरी जाड पट्टीचं काम करू लागली, आणि वेगवान जहाजालाही चिलखत पेलेल असं १८९०च्या दशकात पहिल्यांदा वाटू लागलं.

आता पेन्सिल टेकवा. लांबी ४८० फूट, रुंदी ६९ फूट, पाण्याखालची खोली २५ फूट. या मापाचं सरळ खोकं केलं तर त्यात ८,२८,००० घनफूट जागा होते. आपलं वजन १२,००० टन ठरवू. एक टन जहाज समुद्राचं ३५ घनफूट पाणी बाजूला सारतं, तेव्हा आपल्याला हवेत फक्त ४,२०,००० घनफूट. खोक्याचा जवळजवळ निम्मा भाग तासून टाकायचा आहे. पुढून तासा, मागून तासा, तळाशी गोलाई द्या. हात सावकाश चालू द्या. विल्यम फ्रूड यांनी १८७२मध्ये टॉर्की इथे लांब हौद बांधला आणि मेणाच्या प्रतिकृती त्यातून ओढून पाहिल्या. तेव्हापासून या रेषेचं मोल मोजता येतं. त्याआधी ती बरीचशी नजरेवरच काढली जायची.

इथून पुढे सगळा हिशेब वजनाचा. सांगाड्याला ४,४०० टन. इंजिनं आणि बॉयलर २,१०० टन. चिलखत २,५०० टन. तोफा आणि दारूगोळा १,६०० टन. कोळसा ९०० टन. माणसं, अन्न, पाणी, होड्या, नांगर मिळून ३०० टन. बेरीज करून पाहा. ११,८०० झाले. उरलेले २०० टन कशाला द्यावेत? हात लगेच तोफांकडे जाईल. आवरा त्याला. हे २०० टन कोणालाच द्यायचे नाहीत.

का, ते सांगतो. १८७०मध्ये ब्रिटिश आरमाराचं कॅप्टन नावाचं जहाज बांधता बांधता ठरल्यापेक्षा जड झालं. आराखड्यात जहाजाची बाजू पाण्याच्या वर ८ फूट राहायची होती, प्रत्यक्षात साडेसहाच्या आसपास राहिली. सप्टेंबरमध्ये वादळात ते कलंडलं आणि सुमारे ४८० माणसं गेली. त्यांत ज्यांच्या हट्टापायी ते बांधलं गेलं ते कूपर कोल्सही होते. ही गोष्ट १९०५च्या माणसाला पक्की माहीत आहे. कारखान्यात प्रत्येक जण चांगल्याच हेतूने थोडं थोडं वजन वाढवत असतो. त्या सगळ्यांसाठी हे २०० टन राखून ठेवा.

आता चिलखत. मध्यभागाला ३०० फूट लांब, १२ फूट उंच, ६ इंच जाड पट्टा, दोन्ही बाजूंना. एक चौरस फूट, एक इंच जाड पोलाद जवळपास ४१ पौंड भरतं. म्हणजे पट्ट्याची जाडी एका इंचाने वाढवायची तर १३१ टन लागतात. हा आकडा मनात घोळवा. एक इंच आणि १३१ टन. तो इंच हवा असेल तर १३१ टन कोळसा ठेवून द्या, किंवा दोन तोफा उतरवा. या कागदावर फुकट काही मिळत नाही, आणि मला वाटतं, या कामाची सगळी गोडी त्यातच आहे. प्रत्येक निवड कोणाच्या तरी वाट्यातून होते, आणि तो वाटा कोणाचा हे इथे आकड्यांत लिहिलेलं असतं.

वेगाचंही तसंच. २२ नॉटला सुमारे २३,००० अश्वशक्ती पुरेल. २३ नॉट मागितले तर साध्या हिशेबानेही शक्ती १४ टक्क्यांनी वाढते, आणि खऱ्या समुद्रात त्याहून जास्त. आपण २२वर थांबू.

इथे पेन्सिल खाली ठेवा आणि त्या २३,००० अश्वशक्तीच्या आत शिरा. पूर्ण वेगात हे जहाज तासाला सुमारे २० टन कोळसा जाळेल. तो सगळा माणसाच्या हाताने भट्टीत जायचा आहे. कोठ्यांतून कोळसा ओढून आणणारे वेगळे, फावड्याने भट्टीत टाकणारे वेगळे, राख काढणारे वेगळे. लढाई सुरू झाली की यांना वरचं काही दिसत नाही. आपलं जहाज जिंकतंय की बुडतंय, हे त्यांना फक्त धक्क्यांवरून आणि तळाच्या कलावरून कळणार. आराखड्यात त्यांच्यासाठी एक शिडी काढायची आहे. ती कुठे काढाल? तिच्या आड काय येतं? दोन बॉयलर-खोल्यांमधल्या भिंतीला दार ठेवलं तर त्यांचे श्रम वाचतील, पण पाणी शिरलं तर त्याच दारातून पलीकडेही जाईल. या एका दारापाशी हवा तेवढा वेळ थांबा. मी तिथे दार ठेवणार नाही, शिड्या मात्र दोन ठेवीन.

शेवटी तोफा. ९.२ इंची चार, दोन पुढे, दोन मागे. तिचा गोळा ३८० पौंडांचा. बाजूंना ७.५ इंची आठ, गोळा २०० पौंडांचा. या बाजूच्या तोफा ठेवायच्या कुठे? आजवरची सोपी सवय अशी की त्या जहाजाच्या कुशीत, खालच्या मजल्यावर कोनाडे करून बसवायच्या. वजन खाली राहतं, तोल सांभाळतो. पण लाट उसळली की कोनाड्याची झडप बंद करावी लागते आणि तोफ मुकी होते. हे कळायला भविष्य जाणावं लागत नाही, खवळलेल्या समुद्रात एक फेरी पुरते. म्हणून आपण आठही तोफा वरच्या मजल्यावर फिरत्या बुरुजांत नेऊ. वजन वर चढेल. मग रुंदी ७० फूट करू, वेगातला थोडा अंश सोडू. माझ्या मते या सबंध आराखड्यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच.

जहाज पुरं झालं. ते तसंच नजरेसमोर ठेवा आणि आता अट सोडा. येऊ द्या पुढची वर्षं.

लंडनमध्ये एक आराखडा गुपचूप आधीच तयार आहे. २ एप्रिल १९०६ रोजी याच एल्स्विकमध्ये त्या जहाजाचा कणा घातला जाईल. नाव इन्व्हिन्सिबल. १२ इंची आठ तोफा, टर्बाइन इंजिनं, २५ नॉट वेग. आपली क्रूझर तिच्यापुढे टिकणार नाही, आणि पळूनही सुटणार नाही. सहा महिन्यांत आणि त्याच नदीकाठी, आपण काळजीपूर्वक केलेलं सगळं जुनं झालं. वाईट वाटलं ना? ते वाटू द्या. खऱ्या माणसांनाही हे सोसावं लागलं. जर्मनीत किएलला १९०७मध्ये ब्ल्युखर या चिलखती क्रूझरचं काम सुरू झालं तेही इन्व्हिन्सिबलविषयीच्या अपुऱ्या माहितीवर, आणि १९१५मध्ये डॉगर बँकच्या लढाईत ती बुडाली. इन्व्हिन्सिबलचा पट्टाही आपल्यासारखाच ६ इंची होता. ३१ मे १९१६ला जटलंडच्या लढाईत तिचा स्फोट झाला. १,०२६ जण गेले, सहा वाचले.

आणि ते कोनाडे. १ नोव्हेंबर १९१४, चिलीचा किनारा, कोरोनेल. संध्याकाळ, खवळलेला समुद्र. गुड होप आणि मॉनमथ या ब्रिटिश चिलखती क्रूझरना खालच्या मजल्यावरच्या तोफा नीट चालवता आल्या नाहीत. दोन्ही बुडाल्या. सुमारे १,६०० माणसांपैकी एकही परतला नाही. इन्व्हिन्सिबल येणार हे न कळणं मी १९०५च्या माणसाला सहज माफ करतो. ते कळणं त्याच्या हातात नव्हतं. कोनाड्यांचं मात्र तसं नाही. लाट किती उंच येते ते तेव्हाही दिसत होतं.

आपल्या जहाजाची एक सख्खी म्हणावी अशी बहीण अजून आहे. ग्रीसची गेओर्गिओस आवेरोफ. ती इटलीत लिव्होर्नोला बांधली गेली आणि १९१०मध्ये पाण्यात उतरली. तिच्यावर ९.२ इंची चार आणि ७.५ इंची आठ तोफा आहेत, त्याही आर्मस्ट्राँगच्या घडणीच्या, आणि आठही बाजूच्या तोफा वरच्या मजल्यावर बुरुजांत. बांधतानाच ती जुन्या पिढीची होती. तरी १९१२-१३च्या बाल्कन युद्धात तुर्की आरमाराला तिने एजियन समुद्रात येऊ दिलं नाही. जगात उरलेली ही एकमेव चिलखती क्रूझर अथेन्सजवळ फालिरोला संग्रहालय म्हणून उभी आहे. तिकडे जाणं झालं तर धक्क्यावर उभे राहून आधी त्या बाजूच्या बुरुजांची पाण्यापासूनची उंची बघा, मग आत जा.