तीन वाटे

मार्कंड्याच्या मंदिरापाशी वैनगंगा उत्तरेकडे वळते. त्या उत्तरवाहिनी काठावर महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. चामोर्शी तालुक्यातले दोन शेतकरी भाऊ दरवर्षी या जत्रेला येत. दोघांचे बांध लागून, दोघांचं पीक एकच, एचएमटी धान. चामोर्शीतली काही घरं वर्षाचा तांदूळ त्यांच्याकडूनच भरत.

2023 च्या जत्रेत धाकट्याला एक दलाल भेटला. जगाच्या तांदूळ व्यापारातला सुमारे 40 टक्के माल एकट्या भारतातून जातो, हे त्याने पटवून दिलं. "बारीक तांदळाला आखातात, अमेरिकेत मागणी आहे. धान पावसाळ्यापर्यंत ठेवा. जुना तांदूळ, चढा भाव!" असं म्हणत त्याने हातावर थोडा इसार ठेवला. लिहून मात्र काहीच दिलं नाही.

थोरला म्हणाला, "दूरचं गिऱ्हाईक वाईट नाही बाबू. पण जवळच्याले काऊन तोडतं? तीन वाटे कर. एक घराचा न् बियाण्याचा, एक चामोर्शीवाल्यांचा, उरला तो दलालाले दे."

"दादा, चढा भाव सोडून उतरता कोण घेते?" असं म्हणून धाकट्याने सारी पोती राखून ठेवली. उन्हाळ्यात नेहमीची माणसं तांदळासाठी आली, ती त्याने परत पाठवली. थोरल्याने त्यांना आपल्या वाट्यातून दिलं.

जुलै आला. पाऊस लहरी होता, एल निनोची धास्ती होती. काळ्या समुद्रातून धान्य बाहेर नेण्याचा करार रशियाने 17 जुलैला सोडला. देशात तांदूळ महागत होता, म्हणून 20 जुलैला केंद्राने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली. अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत तांदळासाठी लोकांची झुंबड उडाली, आफ्रिकेतल्या आयातदार देशांना महाग तांदूळ घ्यावा लागला आणि धाकट्याची पोती घरातच पडून राहिली. गिऱ्हाईक तिकडे, माल इकडे, मध्ये दिल्लीचा एक कागद. दलालाने इसारावर पाणी सोडलं आणि फोन उचलणं बंद केलं.

रोवणी तोंडावर आली होती, मजुरीला रोख पैसा हवा होता. धाकटा चामोर्शीला गेला, तर तिथल्या घरांनी वर्षाचा तांदूळ केव्हाच भरून ठेवला होता. शेवटी राईस मिलवाल्याने सांगितला तो भाव त्याने मुकाट्याने घेतला.

"दलालानं बुडवलं मले," तो थोरल्याला म्हणाला.

"तो बी बुडालाच ना! सरकारचा कागद ना त्याच्या हातात, ना तुह्या. अशा कागदाच्या भरवशावर तू सारं धान ठेवलं, चूक ते आहे. ही वैनगंगा पाय. पुढं वर्धेले भेटून प्राणहिता होते, गोदावरीतून समुद्राले जाते. पण काठच्या गावांले पाणी पाजूनच जाते ना?"

मग थोरल्याने त्यांच्याच बियाण्याची गोष्ट काढली. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांना 1983 मध्ये आपल्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांचं बी जपून, पुन्हा पुन्हा पेरून त्यांनी हा एचएमटी वाण तयार केला. आधी तो आसपासच्या शेतकऱ्यांनी पेरला, मग हातोहात दुसऱ्या राज्यांत पोचला. जवळच्यांनी पारखलेलं बी होतं, म्हणून ते दूरवर टिकलं.

सप्टेंबर 2024 मध्ये बंदी उठली. त्या हंगामात दुसरा एक व्यापारी धाकट्याकडे आला. धाकट्याने त्याला नाही म्हटलं नाही, पण तिसराच वाटा दाखवला आणि करार लिहून मागितला. बंदी आली तर माल कोणी ठेवायचा, नुकसान कोणी सोसायचं, हे आधी कागदावर आणलं, मगच पोती मोजली. चामोर्शीच्या घरांचा तांदूळ त्याच्या आधीच पोचता झाला होता.

परदेशी बाजार जरूर धरावा, कारण तिथला भाव खरा असतो. पण तो बाजार युद्धाने, पावसाने किंवा एका आदेशाने रातोरात बंद होऊ शकतो. तेव्हा दूर पाठवायचं ते धान बुडालं तरी घर चालेल एवढंच असावं, आणि जवळचं गिऱ्हाईक कधीही रित्या हाताने परत पाठवू नये.