पाठवले की पोहोचले?

वडिलांच्या जमिनीच्या वाटपाचा दावा दाखल होतो. एक भाऊ वादी, दुसरा प्रतिवादी. बहिणीलाही प्रतिवादी करावे लागते, कारण हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. दाव्यात प्रत्येकाचा पत्ता लिहायचा असतो. बहीण वीस वर्षांपूर्वी लग्न होऊन सासरी गेलेली. तिचे घर भावाला चांगले ठाऊक आहे, दर भाऊबीजेला तो तिथेच ओवाळून घेतो. तरीही कागदावर पत्ता पडतो तो माहेरचा. बेलीफ समन्स घेऊन येतो, दारात घरातलाच कुणी सही करून ते ठेवून घेतो आणि बहिणीला काही कळण्याआधीच निकाल लागलेला असतो. दिवाणी न्यायालयांच्या आवारात अशा कहाण्या नव्या नाहीत.

हे कायद्यामुळे घडते असे म्हणता येणार नाही. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पाचव्या आदेशात समन्स बजावणीच्या पायऱ्या नीट आखून दिल्या आहेत. शक्य असेल तोवर समन्स ज्याचे त्याच्याच हातात द्यायचे, सोबत दाव्याची प्रतही द्यायची. तो घरी नसेल आणि लवकर भेटण्याची चिन्हे नसतील, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या सज्ञान माणसाकडे द्यायचे. घरचा नोकर यात धरलेला नाही. समन्स घ्यायला नकार मिळाला किंवा शोधूनही माणूस सापडला नाही, तर ते दारावर डकवायचे. घर कुणी दाखवले, कुणासमक्ष डकवले, हे बेलिफाने आपल्या अहवालात लिहायचे. वर्तमानपत्रातले जाहीर समन्स ही अगदी शेवटची वाट. साध्या मार्गाने बजावणी होणे शक्य नाही, अशी न्यायालयाची खात्री पटली तरच ती मोकळी होते.

या नियमातले ‘सोबत राहणाऱ्या’ हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. माहेरचा भाऊ सासरच्या बहिणीसोबत राहत नाही. म्हणून तिच्या नावाचा कागद घेताना त्याने केलेली सही कायद्यात बसत नाही.

याच नियमात पूर्वी ‘सज्ञान पुरुष’ असे शब्द होते. दिवाणी कायद्यातून ते १९७६च्या दुरुस्तीने गेले. फौजदारी समन्सांच्या बाबतीत मात्र १ जुलै २०२४ रोजी नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू होईपर्यंत ते टिकून होते. घरात बसलेल्या बाईच्या हाती दिलेला कागद घराला पोहोचला असे मानायला आपल्याला इतकी वर्षे लागली.

‘पाठवले’ आणि ‘पोहोचले’ यांतले अंतर इतर देशांतल्या न्यायालयांनाही मोजावे लागले आहे. अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या कायद्यानुसार भाडेकरू घरी सापडला नाही, तर घर खाली करण्याच्या दाव्याचा कागद दारावर डकवला तरी चालत असे. लुईव्हिल शहरातल्या सरकारी वसाहतीत असे कागद मुले फाडून टाकत, आणि डकवणाऱ्यांनाही हे माहीत होते. भाडेकरूंना दाव्याची खबर लागे ती थेट बाहेर काढण्याचा हुकूम आल्यावर. १९८२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही बजावणी अपुरी ठरवली. जो कागद फाटणार हे आधीच ठाऊक आहे, तो डकवून कर्तव्य पुरे होत नाही, हा त्या निकालातून मी घेतलेला बोध.

अर्थात दोष एकाच बाजूला नसतो. बेलीफ दिसताच मागच्या दाराने निघून जाणारे आहेत. पोस्टमनकडून लखोट्यावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून घेणारेही आहेत. कागद हातात घेतला नाही म्हणजे दावा टळला, असे त्यांना वाटते. कायदा मात्र हा नकारच बजावणी मानू शकतो. बजावणी झाली की कैफियत देण्याची ३० दिवसांची मुदत सुरू होते. न्यायालय ती ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते, पण तोंड फिरवून बसलेल्याला ती कशी कळणार? समोरच्याचे म्हणणे ऐकायचेच नाही, ही वृत्तीही अन्यायाचीच आहे.

बहिणीला दाद मागता येते. समन्स रीतसर बजावले नव्हते हे दाखवून एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेता येतो. निकाल कळल्यापासून त्यासाठी ३० दिवस असतात. पण त्यासाठी वकील गाठायचा, तारखा करायच्या आणि सख्ख्या भावाचे वागणे न्यायालयात मांडायचे. जे एका खऱ्या पत्त्याने टळले असते, त्यासाठी तिला वर्षे खर्ची घालावी लागतात.

दाव्यातला मजकूर खरा आहे असे वादी शपथेवर सांगतो. पत्ताही त्याच मजकुरात येतो. मुद्दाम लिहिलेला जुना पत्ता हे शपथेवर बोललेले खोटेच आहे. आणि दुसऱ्याच्या नावाचा कागद घेऊन तो कपाटात ठेवून देणे म्हणजे त्याचे तोंड दाबणे. आपली बाजू खरी असेल, तर समोरच्याने ती ऐकावी आणि तिला उत्तर द्यावे, असे आपल्यालाच वाटायला हवे. ज्याला उत्तराची भीती वाटते, त्याने आपली बाजू एकदा तपासून पाहावी.

दाव्यावर सही करण्याआधी पत्त्याची ओळ पुन्हा एकदा वाचा. ती जुनी असेल तर खोडून नवी लिहा. दुसऱ्याच्या नावाचे समन्स दारात आले, तर तो माणूस इथे राहत नाही हे बेलिफाला स्पष्ट सांगा, आणि खरा पत्ता माहीत असेल तर तोही सांगा. आणि स्वतःच्या नावाचे आले, तर दार उघडा आणि ते हातात घ्या.