पाण्याखालची वाट

नंदुरबारला समुद्र नाही. तरी धडगाव तालुक्यातल्या भुषाहून सकाळी होडीत बसावं आणि डाव्या हाताला सातपुडा ठेवून दिवसभर मणिबेलीच्या दिशेनं जावं. काठाकाठानं प्रवास करणं काय असतं ते नर्मदेवर कळतं. उजवीकडे आधी मध्य प्रदेश, पुढे गुजरात.

नोव्हेंबर होता. पूर्वेचा वारा सुटल्यावर होडीवाल्या दादांनी इंजिन बंद केलं आणि दोन बांबूंना ताडपत्री बांधून शीड उभं केलं. डिझेल परतीसाठी राखायचं होतं. सुकाणूवर त्यांचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा होता.

कोकणातला तांडेल डोंगराची खूण, दीपस्तंभ, तारे यांवर नजर ठेवतो. दादा पाण्याकडे बघून बोलत होते. इथं खाली आमचं मक्याचं शेत. इथं नाला मिळायचा. पुढे मोहाचं झाड आहे, जरा बाहेरून घे. मला नुसतं हिरवं, सपाट पाणी दिसत होतं. ते मात्र बुडालेल्या गावातून चालत होते.

नर्मदेवरच्या धरणाचं हे सरदार सरोवर काठोकाठ भरलं की पाणी 138.68 मीटरवर असतं, आणि धरण चालवताना ते 110.64 मीटरपर्यंत खाली नेता येतं. म्हणजे अठ्ठावीस मीटरचा फरक. आज होडीखाली खोल असलेला मोह उन्हाळ्यात तळाला लागू शकतो. कोळ्याला भरतीची वेळ तिथीवरून कळते. या पाण्याला तिथी नाही. पाऊस, दरवाजे, वीज, कालव्यांची मागणी यांवर ते चढतं-उतरतं. काठावर गवतसुद्धा धड रुजत नाही, नुसता गाळ.

या पाण्याची धास्ती उगाच नाही. 2019च्या संक्रांतीला भुषाजवळच माणसांनी खच्चून भरलेली होडी उलटली. बुडालेल्यांत लहान मुलं होती. तरीही नदीकाठच्या अनेक पाड्यांना आजारी माणूस न्यायचा तर होडीच लागते. करोनाच्या वर्षी चिमलखेडीची एक अंगणवाडी सेविका स्वतः वल्हं मारत दूरच्या पाड्यांवर पोहोचत होती, बाळांची वजनं घ्यायला. तिचं कौतुक झालं ते रास्तच, पण तिला वल्हं का मारावं लागलं हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

दुपारी वारा पडला, इंजिन सुरू झालं. मी दादांना विचारलं, हे सगळं तुम्ही शिकलात कुठे? ते म्हणाले, “शिकायचं काय? चाललोय ना मी तिथं.”

तेव्हापासून मी त्या मुलाकडेच बघत राहिलो. त्यानं ते शेत पाहिलेलं नाही, त्या नाल्यात तो कधी उतरला नाही. समुद्राचा तळ बापाइतकाच मुलालाही अनोळखी असतो, म्हणून तिथली विद्या पिढ्यान्‌पिढ्या टिकते. इथं तळ ओळखणारी ही शेवटची माणसं. त्यांच्यानंतर मोह तिथंच उभा असेल, पण होडीतल्या कुणाला तो ठाऊक नसेल.

मणिबेलीजवळ ऊन उतरलं. दादा मुलाला म्हणाले, “आता तू सांग.” मुलगा वल्ह्याच्या टोकानं पाण्यावर दाखवत नावं सांगू लागला. वड. विहीर. काकाचं घर. एका ठिकाणी तो अडला. दादांनी इंजिन बंद केलं आणि त्याला आठवेपर्यंत होडी तिथंच तरंगत ठेवली.