हाक आणि परतीची वाट

कडोलीत हरिपाठ सुरू झाला की ज्ञानोबांचे नाव ओठांवर येते. त्यांच्या वडिलांकडे मात्र आपण सहसा वळून पाहत नाही. परंपरा सांगते ती कथा अशी : विठ्ठलपंत पत्नीला मागे ठेवून काशीला गेले, संन्यास घेतला. गुरूंना खरे कळले तेव्हा त्यांनी शिष्याला घरी पाठवले. पंत आळंदीला आले आणि वाळीत पडले. परतण्याची शिक्षा त्यांनी भोगली, पोरांनीही भोगली.

मध्यंतरी बेळगावात एका ख्रिस्ती घरी ही कथा आठवली. ओळखीच्या त्या कुटुंबातला मुलगा धर्मगुरू व्हायला सेमिनरीत गेला होता, तिसऱ्या वर्षी परत आला. चहा पुढे करताना आई घाईने म्हणाली, "सुट्टीला आलाय." सुट्टी संपून चार महिने झाले होते.

या ओढीला मराठी कॅथलिक 'पाचारण' म्हणतात. आपल्या शेजारच्या कन्नडात 'करे' म्हणजे हाक. दोन्ही शब्दांत बोलावणारा दुसरा कोणी आहे हे गृहीतच आहे. पण ती हाक त्याचीच, की आपल्या मनाचा हट्ट, घरच्यांची हौस किंवा संसाराची धास्ती, हे ठरवायचे कोणी?

चर्चने हा निवाडा एकट्या उमेदवारावर सोडलेला नाही. 1983 च्या धर्मसंहितेप्रमाणे मठात जायचे तर वयाची 17 वर्षे पुरी हवीत. आधी निदान एक वर्ष उमेदवारी, मग निदान तीन वर्षे मुदतीची व्रते, त्यानंतर आजन्म. पुरोहितदीक्षेला साधारणपणे 25 पुरी लागतात, आणि दीक्षेसाठी कोणावर जबरदस्ती करणे निषिद्ध आहे. लग्नाच्या जोडीदाराला मागे टाकून कोणी मठात शिरला, तर तो प्रवेशच रद्द. विठ्ठलपंतांना तिथूनही घरीच पाठवले असते!

ही सगळी वर्षे ठेवली आहेत ती 'नाही' म्हणायलाही वाव राहावा म्हणून. पंतांचे प्रकरण वेगळे, हे मान्य. त्यांनी पुरता संन्यास घेतला होता. या मुलाने तर काहीच मोडले नव्हते. परीक्षा ठेवायची आणि निकाल एकच लागावा असा आग्रह धरायचा, याला परीक्षा कशी म्हणावी?

हाक खरी ठरलेली माणसे आपल्याला ठाऊक असतात. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 1972 साली धर्मगुरू झाले. 'सुवार्ता'चे संपादन केले, हिरव्या वसईसाठी लढले, 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. 2024 मध्ये ते गेले. अशांचे सत्कार होतात, आणि व्हावेतच. अर्ध्यावरून परतणाऱ्याला मात्र शेजारीपाजारी चुकवत फिरावे लागते.

आईचे चुकले असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पोर देवाला दिले म्हणून चार माणसांत तिला मान मिळाला होता. तो आता कुणाला आणि कसा परत करायचा?

मुलगा मला स्टँडवर सोडायला आला. न राहवून विचारले, "मग हाक खोटी होती का रे?"

"ते अजून कळलं नाही, काका. कळेपर्यंत थांबायला नको?"

कडोलीची बस लागली होती. त्याने माझी पिशवी आत ठेवली आणि बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला.